धूम्रद्वीपाची बंदरपाल

“आत्या, बेट कुठंय?”

मी स्कूटर अजून नीट उभीसुद्धा केली नव्हती. मागे बसलेला रोहन, माझ्या भावाचा मुलगा, टुणकन खाली उतरून तळ्याकडे बघत होता. जानेवारीतली सकाळ, साडेसात वाजलेले. कोराडीच्या तळ्यावर धुकं असं बसलं होतं की पाणी कुठून सुरू होतं ते पाय भिजल्यावरच कळावं. वीज केंद्राच्या चिमण्या अर्ध्यातून नाहीशा झाल्या होत्या. तेवीस वर्षांचा हा मुलगा रत्नागिरीहून हिंगण्याच्या एका कारखान्यात मुलाखत द्यायला आला होता. मुलाखत झाली, तर म्हणाला, मला शहर नको दाखवू, बाबांचं बेट दाखव.

बाबा म्हणजे माझा दादा. गेल्या पावसाळ्यात तो गेला. त्याआधी सव्वीस वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. का, ते सांगत बसत नाही. घराघरात असतं तसंच कारण होतं. तेव्हा डोंगराएवढं वाटलं आणि आता आठवायला बसलं तर धड हाती लागत नाही. रोहन माझ्याकडे उतरला त्याला तीन दिवस झाले होते, आणि तीन दिवस एकच प्रश्न माझ्या तोंडापर्यंत येऊन परत जात होता. अकरा वर्षांपूर्वी याच तळ्यावर मी दादाला पाहिलं होतं. मी पाहिलं, हे त्याला कळलं होतं का? मला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं.

धूम्रद्वीपाचा, म्हणजे त्या बेटाचा, जन्म रद्दीतून झाला. वीज केंद्राच्या कॉलनीत आम्ही राहायचो. तिथल्या एका साहेबांची बदली झाली आणि त्यांच्या घरातून निघालेल्या रद्दीच्या गठ्ठ्यात एक जाडजूड इंग्रजी चित्रांचं पुस्तक होतं. वाळवीनं त्याची सुरुवात खाल्ली होती आणि शेवटही खाल्ला होता. मधल्या पानांवर उंच, टोकदार कानांची माणसं होती, राजहंसासारख्या गळ्याची गलबतं होती, आणि धुक्यानं वेढलेलं एक बेट. दादा बारा वर्षांचा होता, मी आठ. अक्षरं लावत लावत त्यानं शोधून काढलं की या लोकांना एल्फ म्हणतात, ते दर्यावर्दी आहेत आणि त्यांना त्यांच्या देशातून हाकलून दिलंय.

संध्याकाळी आई पोळ्या लाटत होती. दादानं पुस्तक तिच्यासमोर धरलं.

“म्हंजे यक्ष का गा?” आई म्हणाली.

“यक्ष नाही वं आई, एल्फ. समुद्रातले.”

“बरं, एल्फ. पन त्याईले हाकललं काहून?”

दादानं पानं पुढे-मागे केली. “ते पान वाळवीनं खाल्लं.”

“कारन काई बी असो,” आई पोळी उलटत म्हणाली, “घरच्याईले असं हाकलू नाही. बोलावून घ्या म्हना त्याईले.” तिला काय, दोन पोळ्या जास्त टाकल्या की प्रश्न मिटला.

समुद्र आम्ही कधी पाहिला नव्हता. नागपूरच्या माणसाला समुद्र कुठल्याही दिशेनं गेलं तरी लांबच. म्हणून आम्ही तळ्याचा समुद्र केला. वीज केंद्रातलं गरम पाणी तळ्यात येई आणि हिवाळ्यातल्या पहाटे पाण्यावरून वाफांचे लोट निघत. समुद्र असाच असतो, कोमट आणि वाफाळता, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तो गोड्या पाण्याचा होता. त्याला ओल्या कोळशाचा आणि शेवाळाचा मिळून एक वास होता, जो अजून कुठे आला की माझं वय गळून पडतं. आमच्या एल्फ लोकांना रोज सकाळी शिडांवरची राख झटकावी लागे, कारण कॉलनीतल्या सगळ्या आयांना दोरीवरच्या कपड्यांवरची राख झटकावी लागत असे. राख नसलेलं जग आम्हाला ठाऊकच नव्हतं. मग एल्फ तरी कुठून सुटणार?

टोकदार कान आम्ही संत्र्याच्या सालीचे करायचो. हिवाळ्यात घरात संत्र्यांना तोटा नसे. साल लांबट फाडायची, तिला कात्रीनं टोक काढायचं आणि डिंक लावून कानामागे चिकटवायची. तासाभरात ती वाळून वाकडी होई आणि कान कुत्र्यासारखे लोंबू लागत. तोवर मात्र आम्ही राजवंशातले असू. पळसाच्या पानाच्या होड्या करायचो, बाभळीचा काटा डोलकाठी. तळ्याच्या एका चिंचोळ्या फाट्यात मध्यभागी मातीचा एक उंचवटा होता. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथे म्हशी बसत. हिवाळ्यात तो धुक्यात अर्धा दिसे, अर्धा नसे. तेच धूम्रद्वीप. आई त्याला ‘तुमचं ते धुराचं बेट’ म्हणायची.

आणि बेटाचा नकाशा रोज बदलायचा. ही गोष्ट मी आजवर कुणाला नीट समजावून सांगू शकले नाही, कारण तिच्यासाठी वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये काम करणारे, आमच्या बाबांसारखे बाबा लागतात. तिथल्या यंत्रांवर गोल कागद चढवलेले असत, ताटलीएवढे. दिवसभर ते सावकाश फिरत आणि एक लाल शाईची सुई त्यांच्यावर वाफेचा दाब काढत जाई. दिवस संपला की एक लाल, वेडीवाकडी, पूर्ण गोल झालेली रेघ उरे. नोंद करून झाल्यावर टाकून दिलेला त्या दिवसाचा कागद बाबा आमच्यासाठी घरी आणत, मागच्या कोऱ्या बाजूला शुद्धलेखन लिहायला. दादानं पहिल्याच दिवशी कागद उलटा करून पाहिला आणि म्हणाला, हा किनारा आहे.

त्या दिवसापासून बाबा कामावरून आले की आम्ही त्यांच्या पिशवीवर तुटून पडत असू. आजचं बेट कसंय? ज्या दिवशी सगळं सुरळीत चाले, त्या दिवशीच्या बेटाला नुसता गुळगुळीत काठ असे. असलं बेट आम्हाला आवडत नसे, तिथे गलबत लपवायला जागाच नाही. ज्या दिवशी काही बिघडे, धावपळ होई, त्या दिवशी खाड्या असत, सुळके असत, एखादी भलीमोठी खोल गुहा असे. बाबा खुर्चीत डोळे मिटून बसत. त्यांच्या शर्टाला तेलाचा आणि गरम लोखंडाचा वास येई. “आज भारी किनारा आणलाय बाबांनी,” दादा म्हणे, आणि बाबा डोळे न उघडता हसत. ते हसू मला अजून दिसतं. पुढे त्या दोघांमध्ये जे झालं त्याच्या कितीतरी आधीचं हे हसू आहे, आणि मला आठवायचं असतं ते हेच.

बेटावर कायदा होता. दादाचाच कायदा, आणि फार कडक. समुद्रावर गेलेल्या कुणालाही परत आल्यावर आपणहून किनाऱ्यावर पाय ठेवता येत नाही. धुक्यात बुडालेल्या माणसांचे भास फिरत असतात, ते घरच्यांचं रूप घेऊन येतात. म्हणून आलेल्यानं काठावर उभं राहायचं, दोन्ही तळवे पुढे करून, उघडे, रिकामे. बोलायचं नाही. मग बंदरपालानं त्याला ओळखून नाव घेऊन तीनदा हाक मारायची. तिसऱ्या हाकेनंतरच तो आत येऊ शकतो. माझा आवाज कॉलनीत सगळ्यांत मोठा होता, म्हणून बंदरपाल मी.

दादा फाट्याला वळसा घालून पलीकडच्या बांधावर जाई. तो बांधावरून धुक्यात शिरला की मला नुसता त्याच्या चपलांचा आवाज येई, मग तोही नाही. मी अलीकडच्या काठावर बोटं फुंकत उभी. मग समोर धुक्यात हळूहळू एक आकृती उमटायची, तळवे पुढे केलेली. आणि मी लगेच हाक मारत नसे. हे कबूल केलंच पाहिजे. थंडीनं त्याचे दात वाजत, नाक लाल होई, तरी मी त्याला निरखून बघतेय असं दाखवत उभी राहायची. घरात मी सगळ्यांत लहान. माझं कुणी काही ऐकत नसे. त्या काठावर मात्र माझ्या आवाजाशिवाय त्याला पाऊल उचलता येत नव्हतं. मला ते फार आवडायचं. आणि दादानं कायदा एकदाही मोडला नाही. एकदा आईनं घरून हाक मारली म्हणून मी तशीच पळाले, जेवायला बसले आणि विसरले. अर्ध्या तासानं बाबा जाऊन त्याला घेऊन आले. तो अजून उभा होता. बाबा म्हणाले, “अरे, येऊन जायचं ना.” दादा म्हणाला, “तिनं बोलावलंच नाही.” मी पोट धरून हसले होते.

सगळे हिवाळे आता एकच झालेत माझ्या मनात. शेगडीचा धूर, पाळी बदलल्याचा भोंगा, संक्रांतीच्या तिळाचा खमंग वास, नाकात गेलेली राख. पोपडे आलेली पिवळी क्वार्टर्स. त्यातलं आमचं क्वार्टर आता रिकामं आहे. दाराला कुलूपही नाही. काल रोहनला घेऊन गेले तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर कुणाची तरी मांजर व्यायली होती.

दादा मोठा झाला, आयटीआय केलं, हिंगण्याला नोकरीला लागला. रोज कंपनीच्या बसनं जायचा. मग बाबांशी ते सगळं झालं आणि तो एका संध्याकाळी बॅग घेऊन गेला. बाबा म्हणाले, याचं नाव घरात काढायचं नाही. आई पदर तोंडाला लावून उभी होती. मी दारात होते. मी त्याला थांबवलं नाही. खरं तर मला त्याचाच राग आला होता. तो सुटला आणि मी राहिले, असं मला वाटलं.

चार महिन्यांनी माझ्या शाळेच्या पत्त्यावर त्याचं पत्र आलं. मी तेव्हा नुकतीच गणित शिकवायला लागले होते. रत्नागिरीला बर्फाच्या कारखान्यात काम मिळालंय, बंदराजवळच, असं लिहिलं होतं. आणि पुढे: “समुद्राले वाफ नाही येत वं. पहिल्याच दिवशी पहाटे उठून जाऊन बसलो होतो. पाणी थंडगार, आणि इतकं खारट की विचारू नको. राख तर औषधालाही नाही. आपलं सगळंच चुकलं होतं.” मी स्टाफरूममध्ये एकटीच हसले आणि मग मला रडू कोसळलं. पत्राच्या खाली त्यानं आपले दोन्ही हात कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली होती. दोन उघडे, रिकामे तळवे. तो काय म्हणतोय ते जगात फक्त मला कळत होतं. मी उत्तर लिहिलं नाही. रागात एक महिना गेला, मग लाजेत वर्ष गेलं, आणि त्यानंतर लिहायचं तरी काय, असं झालं.

दादा घर सोडून गेल्यावर पंधरा वर्षांनी बाबा गेले. शेवटची तीन वर्षं अंथरुणात होते आणि त्यांचं सगळं मी केलं. वैशाख होता. दहाव्याला बायका घाटावर जात नाहीत आमच्यात, पण मी गेले. मला अडवायची कुणाची छाती नव्हती. दहा वाजता ऊन असं होतं की तळ्याकडे डोळे बारीक केल्याशिवाय बघवत नव्हतं. चुलतभावानं आमच्या त्या फाट्याच्या काठावरच पिंड मांडला. आम्ही सगळे मागे सरकलो. बाभळीवर चार कावळे बसले होते, आणि एकही खाली येईना.

अर्धा तास गेला. सगळ्यांचे पाय भाजत होते. एकेकानं काय काय कबूल करून पाहिलं. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असेल तर ती पुरी करू, असं मोठ्यानं बोलायचं, मग कावळा शिवतो. शेवटी काका माझ्याकडे वळले.

“भाऊच्या मनात पोरगा राह्यला,” ते म्हणाले. “तू म्हन वं. दादाले बोलावून घेतो म्हन. तुह्या तोंडून निघालं पाह्यजे.”

मी मान वर केली. फाट्याच्या पलीकडे, बांधावर, पांढऱ्या शर्टातला एक माणूस उभा होता. केस पिकलेले, पोट थोडं सुटलेलं. कुणीतरी कळवलं असावं त्याला. कोपरातून वाकलेले हात पुढे होते, तळवे उघडे. एवढ्या उन्हात तो डोक्यावर रुमालही न घेता उभा होता. हाक सहज पोचली असती. माझ्या आवाजानं अजून शाळेतले दोन वर्ग गप्प होतात.

मला त्या क्षणी काय वाटलं ते स्वच्छ सांगते. मला बरं वाटलं. उभा राहू दे, असं वाटलं. मी पंधरा वर्षं उभी होते. बाबांच्या उशाशी, आईच्या डोळ्यांसमोर, एकटी. याला समुद्र मिळाला, संसार मिळाला, आणि मला राख. चालत येऊ दे त्याला, शंभर पावलांचा तर वळसा आहे. माझ्या हाकेशिवाय येऊ दे एकदा तरी.

“आईले मी सांभाळीन, बाबा,” मी मोठ्यानं म्हटलं. “काळजी नका करू.”

कावळा आला नाही. भटजींनी मग दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. मी पाठ फिरवून भांडी गोळा केली. रस्त्याला लागल्यावर मागे पाहिलं, तर बांधावर कुणी नव्हतं. घरी आई दारातच होती. “कावळा शिवला का वं?” तिनं विचारलं. “शिवला,” मी म्हटलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग आत गेली.

उद्या बोलावीन, असं मी त्या रात्री ठरवलं होतं. पुढेही पुष्कळदा ठरवलं. दोन वर्षांनी आई गेली तेव्हा त्याला दोन ओळी कळवल्या. त्यात ‘ये’ हा शब्द नव्हता. तो आला नाही. आणि मग गेल्या पावसाळ्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला, “मी रोहन बोलतोय. आत्याच ना?”

आज धुक्याच्या काठाशी मी रोहनला खरं सांगून टाकलं. “बेट-बीट काही नाही रे. मातीचा ढिगारा आहे. उन्हाळ्यात त्याच्यावर म्हशी बसतात.”

“माहितीये,” तो हसला. “बाबांनी म्हशींची नावंसुद्धा सांगितली होती.”

मग तो काठावरच्या दगडावर बसला आणि बोलू लागला. त्याचं लहानपण आमच्या बेटावरच गेलं होतं. शाळेतून आला की तो दारात तळवे पुढे करून उभा राहायचा आणि दादा आतून तीनदा हाक मारायचा. दादानं त्याला हाकेसाठी कधीच ताटकळत ठेवलं नाही, असं तो म्हणाला. मी ऐकत होते. ते सगळं ऐकताना मला इतकं वाईट वाटत होतं की उठून निघून जावंसं वाटलं.

“आणि बाबा एकदा इथे आलेही होते,” रोहन म्हणाला. “आजोबांच्या दहाव्याला. तुला ते ठाऊकच नसेल.”

मी लगेच विचारलं, “काय म्हणाला तो?”

“म्हणाले, मी पलीकडे उभा होतो आणि समोर तुझी आत्या होती. पण धुकं इतकं दाट होतं की तिला मी दिसलोच नाही. नाहीतर तिनं हाक मारलीच असती.” रोहन पाण्याकडे बघत होता. “आई कधी तुझ्याबद्दल चिडून बोलायला लागली की ते हेच सांगायचे. धुकं होतं गं, तिची काय चूक. हॉस्पिटलमध्येसुद्धा सांगितलं. म्हणाले, जाशील तेव्हा तिला म्हण, मला राग नाही. तिला दिसलंच नव्हतं.”

वैशाखात धुकं. धुकं केव्हा येतं आणि किती वाजता उठतं, हे मला ज्यानं शिकवलं, तो हे बोलला होता. म्हणजे त्याला कळलं होतं. मी मान वर करून त्याला पाहिलं ते त्यानंही पाहिलं होतं, मी पाठ फिरवली तेही. आणि मग घरी जाऊन त्यानं स्वतःच्या बायकोपासून, मुलापासून मला झाकलं. अकरा वर्षं झाकलं. माझा दादा इतका चांगला होता आणि मी त्याला उन्हात उभं केलं.

“खूपच धुकं असेल ना गं त्या दिवशी?” रोहननं विचारलं. “आजच्यासारखं?”

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. दादानं सगळी सोय करून ठेवली होती. हो म्हटलं असतं तर त्याचा शब्द राहिला असता. हा मुलगा हिंगण्याला नोकरीला लागला असता, दर रविवारी माझ्याकडे जेवायला आला असता, आणि म्हातारपणी मला कुणीतरी आत्या म्हणणारं उरलं असतं. माझ्याकडे दुसरं आहे कोण?

“नव्हतं रे,” मी म्हटलं. “वैशाखाचं ऊन होतं. मले तो दिसला होता.”

रोहननं वळून माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली नाही.